विश्लेषण : ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा खटला लढवता येतो का? कोर्टात मशीनचीही उलटतपासणी होते

थर्टी फर्स्ट असो, धुळवड असो की नेहमीचा शनिवार. रात्री उशिरा शहरातल्या मोठ्या चौकात नाकाबंदी लागते. काच खाली, ‘इथे फुंका’, यंत्रावर आकडा आणि हातात एक चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी ‘इतक्या तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी येते आणि वाचकांसाठी विषय संपतो. ज्याच्यावर कारवाई झाली त्याच्यासाठी मात्र तो तिथून सुरू होतो, कारण हा गुन्हा ई-चलानसारखा मोबाइलवरून दंड भरून मिटत नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं.

कोर्टात जाण्याआधी मित्रमंडळी दोन सल्ले हमखास देतात. पहिला, ‘कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’. दुसरा, ‘चांगला वकील लाव, काही होत नाही’. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कबुलीची किंमत दंडाच्या पावतीपेक्षा बरीच मोठी असते, आणि वकील कितीही मोठा असला तरी पोलिसांचा पुरावा पक्का असेल तर त्याच्या हाती फार काही उरत नाही. मग हा खटला नेमका कशावर उभा राहतो आणि कुठे ढासळतो?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १८५ हे या खटल्याचं मूळ. गाडी चालवणाऱ्या किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा ठरतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. मर्यादा देशभर एकच आहे. गोव्यात दारू स्वस्त मिळते म्हणून तिथे ३० चे ४० होत नाहीत.

कायद्याने इथे ‘झिंगलेला होता का?’ असं विचारलेलं नाही. ‘मी व्यवस्थित चालवत होतो’, ‘मला एवढ्याने काही होत नाही’ हे बचाव त्यामुळे पहिल्याच पायरीवर बाद होतात. गाडी सरळ रेषेत चालली असली तरी रक्तातला आकडा ३० च्या वर असेल तर गुन्हा पूर्ण होतो. म्हणून खटल्याचं सगळं वजन एका आकड्यावर येतं : तो कसा मोजला, कशाने मोजला, कधी मोजला आणि तो खरोखर याच माणसाचा आहे का?

३० मिलिग्रॅम म्हणजे किती दारू?

साधं गणित करू. ७० किलो वजनाच्या पुरुषाने ६५० मिलिलिटरची पाच टक्क्यांची बिअर प्यायली तर त्याच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल जातं. नेहमीच्या वैद्यकीय सूत्राने रक्तातला आकडा ५० च्या पुढे जातो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगने तो ४० च्या आसपास पोहोचतो. पोटात जेवण असेल, पिणं दोन तासांत विभागलं गेलं असेल तर प्रत्यक्ष आकडा कमी येतो. वजन कमी असेल तर तो वाढतो, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूला त्यांचा आकडा जास्त येतो. ‘एकच घेतली होती’ हे वाक्य खरं असलं तरी त्याने बचाव होईलच असं नाही.

एककांचा घोळही समजून घेतला पाहिजे. १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम म्हणजेच ०.०३ टक्के. काही यंत्रं श्वासातलं प्रमाण दाखवतात. तिथे हीच मर्यादा एका लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम अशी दिसते. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे, आणि त्यात रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असेल तर सिद्धतेचा भार आरोपीवर जातो. वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ आणि दारूबंदी कायद्यातल्या गृहीतकासाठी ०.०५. आरोपपत्रात कोणतं कलम लावलं आहे हे आधी पाहावं लागतं ते यासाठीच.

‘गुन्हा कबूल आहे’ म्हटल्यावर काय होतं?

न्यायदंडाधिकारी आरोपाचा सारांश वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ रांग लांब असते, सुट्टी अर्ध्या दिवसाची असते आणि बाहेर कोणीतरी सांगितलेलं असतं की ‘हो’ म्हटलं की सुटका. या एका ‘हो’मागून तीन गोष्टी येतात.

पहिली, दोषसिद्धी कायम होते. कबुलीवर शिक्षा झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार साधारणपणे वरच्या कोर्टात फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही यावर दाद मागता येते. ‘मी गुन्हा केलाच नव्हता’ असं म्हणून अपील करता येत नाही.

दुसरी गोष्ट लायसन्सची. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० (२) नुसार कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या कोर्टाने किमान सहा महिन्यांसाठी वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश द्यायचा आहे. कायद्याची भाषा ‘देऊ शकेल’ अशी नसून ‘देईल’ अशी आहे. नोकरदाराला हे गैरसोयीचं वाटेल, पण टॅक्सीचालक, ट्रकचालक, डिलिव्हरी करणारा तरुण यांच्यासाठी सहा महिने म्हणजे सहा महिन्यांचं घर चालवणं.

तिसरी, पुढच्या वेळी हाच गुन्हा घडला तर तो ‘दुसरा गुन्हा’ ठरतो. कमाल कैद सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर जाते. परदेशी व्हिसाच्या आणि काही नोकऱ्यांच्या अर्जात दोषसिद्धीची विचारणा असते, तिथेही हे लपवता येत नाही.

म्हणजे कबुली देऊच नये का? तसं नाही. प्यायलेलो होतो, आकडा मर्यादेच्या दुपटीने वर आहे आणि कागदपत्रं नीट आहेत, अशा वेळी कबुली देऊन शिक्षेत सौम्यता मागणं हाच प्रामाणिक आणि शहाणपणाचा मार्ग असतो. पण तो निर्णय कागद वाचून घ्यायचा असतो. रांगेला कंटाळून घेण्याचा नव्हे.

फुंकायलाच नकार दिला तर?

सोशल मीडियावरच्या ‘टिप्स’मध्ये हा सल्ला लोकप्रिय आहे. कायद्यात त्याची सोय आधीच केलेली आहे. कलम २०३ नुसार गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याला, दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर, श्वासाचा नमुना मागता येतो. नकार दिला आणि रक्तात अल्कोहोल असल्याचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम २०४ नुसार अटकेनंतर डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. आणि कलम २०५ नुसार पटण्याजोगं कारण न देता दिलेला नकार हीच सरकार पक्षाच्या बाजूची परिस्थिती मानली जाते. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको’ हा घटनेतला हक्क इथे उपयोगी पडत नाही, कारण शरीराचा नमुना देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, या तत्त्वाचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्येच घातला आहे.

याच कलमांत नागरिकाच्या बाजूच्या तरतुदीही आहेत. कलम २०२ नुसार अटक केल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. न झाल्यास कोठडीतून सोडावं लागतं. यामुळे खटला आपोआप संपत नाही, पण तपासणीला उशीर का झाला हा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. पोलिस ठाण्यात नेल्यावर तिथे पुन्हा श्वासचाचणीची संधी द्यावी लागते. महिलेचा रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तिथे दुसरी महिला हजर असणं बंधनकारक आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे.

मशीनवर प्रश्न कधी विचारता येतो?

ब्रेथ ॲनालायझर रक्त मोजत नाही, श्वास मोजतो. चांगल्या यंत्रांत फ्युएल सेल असतो : प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर श्वासातल्या अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि तो जितका जास्त तितकं अल्कोहोल जास्त. मग यंत्र एक गुणाकार करतं. रक्तातलं प्रमाण श्वासातल्या प्रमाणाच्या २१०० पट, हे त्यामागचं गृहीतक. २१०० ही सरासरी आहे. प्रत्येक माणसात आणि प्रत्येक वेळी ती तंतोतंत तीच नसते. शिवाय सेन्सर वापराने थकतो, त्याचं वाचन हळूहळू सरकतं. म्हणून ठरावीक मुदतीने ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यावर तपासून त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. वजनकाट्यावर शिक्का हवा असतो, तसंच हे.

इथून बचावाचे खरे प्रश्न सुरू होतात. यंत्र केंद्र सरकारने अधिसूचनेने मंजूर केलेल्या प्रकारचं आहे का? कलम २०३ चं स्पष्टीकरण तशा यंत्रालाच मान्यता देतं. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, त्याचं प्रमाणपत्र आहे का? चिठ्ठीवरचा यंत्र क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकच आहे का? चिठ्ठीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का? नवी नळी लावली होती का? फुंकण्याआधी यंत्राने कोऱ्या हवेवर शून्य दाखवलं होतं का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर एका चालकावरचा कलम १८५ चा आरोप रद्द केला : कोऱ्या हवेच्या चाचणीत शून्य आलं नसेल तर त्यानंतरच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आणखी एक शास्त्रीय मुद्दा तोंडातल्या अल्कोहोलचा. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा ढेकर येऊन पोटातली वाफ वर आली असेल, तर यंत्र तोंडातलं अल्कोहोल मोजतं आणि आकडा फुगतो. ते सुमारे १५ मिनिटांत निघून जातं. म्हणून थोड्या अंतराने दोन वाचनं घेतली आणि दोन्ही जवळपास सारखी आली तर हा बचाव उरत नाही. एकच वाचन असेल तर तो उरतो.

हे सगळे प्रश्न कोणत्या आकड्याला लागू पडतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चिठ्ठीवर ३४ असेल तर कॅलिब्रेशनमधला छोटासा फरक निर्णायक ठरतो. चिठ्ठीवर १५० असेल तर कोणतंही सरकलेलं यंत्र ३० चे १५० करत नाही, असं सरकारी वकील म्हणतील आणि कोर्टाला ते पटण्याची शक्यताच जास्त.

रक्ताची बाटली कुठून कुठे गेली?

रक्तचाचणी श्वासचाचणीपेक्षा भरवशाची मानली जाते, पण तिच्यासाठी प्रवास करावा लागतो : रुग्णालय, पोलिस ठाणं, मग मुंबईत कलिना, किंवा पुणे, नागपूर, नाशिक अशा ठिकाणच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा. त्यासाठी महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम आहेत. नमुना घेताना त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. रक्त गोठू नये आणि खराब होऊ नये यासाठी बाटलीत योग्य द्रव्य हवं. बाटलीवर चिठ्ठी, वर लाखेचं सील आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. नमुना सात दिवसांच्या आत तपासनीसापर्यंत पोहोचायला हवा.

यातल्या प्रत्येक अटीमागे विज्ञान आहे. संरक्षक द्रव्य नसेल आणि बाटली उन्हात पडली तर जंतू साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात. झाकण सैल असेल तर असलेलं अल्कोहोल उडून जाऊ शकतं. म्हणजे निष्काळजीपणा निर्दोष माणसाला अडकवू शकतो आणि दोषीला सोडूही शकतो.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा मुद्दा फार पूर्वीच पोहोचला. ‘उखा कोल्हे’ या १९६३ च्या महाराष्ट्रातल्या खटल्यात नमुना घेतल्यापासून तपासणीपर्यंत बाटली कशी हाताळली गेली याचा पुरावा अपुरा होता आणि त्याच मुद्द्यावर अधिक पुरावा घेण्याची वेळ आली. दारू प्यायल्याचं सिद्ध करायला ठरावीक पद्धतीची रक्तचाचणी हा एकमेव मार्ग नाही, असंही याच निकालात म्हटलं आहे. दुसरीकडे ‘बच्चूभाई करयानी’ या १९७१ च्या निकालात, रक्ताची किंवा लघवीची चाचणी झालेली नसताना तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. हे दोन्ही निकाल दारूबंदी कायद्याच्या संदर्भातले असले तरी आजही उलटतपासणीत आणि युक्तिवादात त्यांचा दाखला दिला जातो.

घड्याळाचं गणित कोणाच्या बाजूने?

शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल बाहेर काढतं. व्यक्तीनुसार थोडं कमी-जास्त. रात्री अकराला आकडा ४८ असेल तर एक वाजता तो १८ च्या आसपास येऊ शकतो. त्यामुळे रक्तचाचणी उशिरा झाली आणि अहवाल ‘मर्यादेत’ आला, एवढ्याने गाडी चालवतानाही मर्यादेत होता असं ठरत नाही. उलटही घडतं. शेवटचा पेग घाईत संपवून लगेच गाडी काढली तर अल्कोहोल अजून रक्तात उतरत असतं. चालवताना २० असलेला आकडा तासाभराने ४० होऊ शकतो. कायद्यात चाचणी शक्य तितक्या लवकर करा असं म्हटलं आहे ते याच कारणाने. अटक, चाचणी आणि नमुना यांच्या वेळा ज्या कागदावर आहेत तो कागद दोन्ही बाजूंना तितकाच महत्त्वाचा.

गाडी कोण चालवत होतं?

सगळ्यात जुना आणि अनेकदा सगळ्यात मजबूत बचाव हाच. कलम १८५ चालवणाऱ्याला किंवा चालवू पाहणाऱ्याला लागू होतं. पार्किंगमधल्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला, ड्रायव्हरची वाट पाहणारा माणूस यात बसत नाही. नाकाबंदीत हा वाद सहसा येत नाही, पण अपघातानंतर पोलिस उशिरा पोहोचले तर येतो. तेव्हा साक्षीदार, सीसीटीव्ही आणि मोबाइलमधला व्हिडिओ निर्णायक ठरतात, अर्थात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत असेल तर.

हे बचाव विसरा

खोकल्याचं औषध, आसव-अरिष्ट, होमिओपॅथीचे थेंब : कायदा अल्कोहोल कुठून आलं हे विचारत नाही, रक्तात किती आहे हे विचारतो. आणि गणितही साथ देत नाही. दहा टक्के अल्कोहोल असलेल्या ३० मिलिलिटर आसवाने ७० किलोच्या माणसाचा आकडा साधारण पाचने वाढतो. ३० पार करायला अर्धी बाटली लागेल. बडीशेप, मिंट, कांदा, कॉफी : वास बदलतो, फुप्फुसातून येणारं अल्कोहोल बदलत नाही. ‘घर जवळच होतं’ हा तर बचावच नव्हे. ‘साहेबांशी बोलणं झालं होतं’ हे कोर्टात सांगणं म्हणजे दुसरा गुन्हा कबूल करणं.

मोठ्या खटल्यांनी काय शिकवलं?

२८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला आणि चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तोच गाडी चालवत होता आणि दारूच्या अमलाखाली होता, हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही प्रश्न उपस्थित झाले. राज्य सरकारने त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. याउलट १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्याच कार्टर रोडवर सात मजुरांचा जीव घेणाऱ्या अपघातात चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळलं होतं. तो पुरावा टिकला, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

१९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघाताने तर बाटलीच्या प्रवासाचा प्रश्न घराघरांत पोहोचवला. दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झालेल्या या प्रकरणात अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना सरकारी रुग्णालयातच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. दोन डॉक्टरांना अटकही झाली. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. पण सील, शिक्का आणि नोंदवहीला ‘तांत्रिक बाबी’ म्हणून हसणाऱ्यांनी या प्रकरणाकडे पाहावं. आरोपीचा वकील ज्या कागदासाठी भांडतो, तोच कागद मृतांच्या आई-वडिलांनाही हवा असतो.

आणि फौजदारी खटल्यातून सुटलं म्हणजे सगळ्यातून सुटलं असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महागड्या कारच्या अपघातात श्वासाचा किंवा रक्ताचा चाचणी अहवाल नसतानाही, इतर परिस्थितीच्या आधारे विमा कंपनीने दावा नाकारणं योग्य ठरवलं. विम्याच्या वादात पुराव्याची पट्टी वेगळी असते.

समन्स आलं तर काय करावं?

* चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. ती थर्मल कागदावर असते. काही महिन्यांत अक्षरं उडतात.
* थांबवल्याची, फुंकल्याची, रुग्णालयात नेल्याची वेळ आठवते तेव्हाच लिहून ठेवा. सोबत कोण होतं तेही.
* पोलिसांनी दाखल केलेल्या कागदपत्रांच्या प्रती मोफत मागा. तो हक्क आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २३०). यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र त्यात नसेल तर कलम ९४ खाली ते हजर करण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो.
* पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने असल्याने दखल घेण्याची मुदत साधारण एक वर्ष आहे. तारखा तपासा.
* वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतल्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालचे नागरिक यांना मोफत वकील मिळतो.
* तारीख चुकवू नका. जामीनपात्र गुन्ह्याचं वॉरंट बहुतेकदा गैरहजेरीमुळे निघतं.

मग ही पळवाट दाखवणं नव्हे का?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल सहानुभूती बाळगण्याचं कारण नाही. त्याने रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव पणाला लावलेला असतो. तरीही ‘याला कसला बचाव?’ हा प्रश्न चुकीचा आहे, कारण आज या बचावाचा लाभ सगळ्यांना सारखा मिळत नाही. ३४ चा आकडा आलेला रिक्षाचालक रांगेत उभा राहून ‘कबूल’ म्हणतो आणि सहा महिन्यांचं लायसन्स गमावतो. १३४ चा आकडा आलेला माणूस चांगला वकील करतो, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागवतो, ते सापडत नाही, आणि सुटतो. कायदा दोघांना एकच आहे. कागद मागण्याची ऐपत एकाचीच आहे. पोलिसांची ढिलाई अशा रीतीने गरिबाला शिक्षा आणि श्रीमंताला सूट देते.

उपाय बचावाचा हक्क कमी करण्यात नाही. जो कागद आज फक्त वकील मागवतो, तो प्रत्येकाच्या हातात आपोआप पडला पाहिजे. चिठ्ठीवरच यंत्राचा क्रमांक, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, कोऱ्या हवेचं शून्य वाचन आणि थोड्या अंतराने घेतलेली दोन वाचनं छापली जावीत. नाकाबंदीतली प्रत्येक चाचणी बॉडी कॅमेऱ्यात टिपली जावी. रक्ताच्या बाटलीवर बारकोड असावा आणि ती कधी कोणाच्या हातात होती याची नोंद ऑनलाइन राहावी. पिझ्झा कुठवर आला हे आपण मोबाइलवर पाहतो, मग पुराव्याची बाटली का नाही? आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक वाक्य मराठीत सांगावं : ‘कबूल केलंत तर दंडासोबत किमान सहा महिने लायसन्स जाईल आणि दोषसिद्धीवर अपील करता येणार नाही.’

यातलं काहीही फार खर्चिक नाही. हे झालं तर जो खरोखर पिऊन चालवत होता त्याला शब्द फिरवायला जागा उरणार नाही, आणि ज्याच्याबाबत यंत्र चुकलं त्याला वकिलाच्या फीसाठी कर्ज काढावं लागणार नाही. तोवर वाचकाच्या हातात सगळ्यात खात्रीचा बचाव एकच आहे, आणि तो कोर्टात वापरावा लागत नाही. प्यायलात तर चावी दुसऱ्याकडे द्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला घ्यावा.)